बायो सोडून अर्थशास्त्र घ्यायचं म्हणताय? आधी हे बघा

दहावीला नव्वदच्या पुढं टक्के पडले की आपल्याकडं लेकराला कुणी विचारत नाही, काय घ्यायचं म्हणून. सायन्स, त्यातही पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो), आणि जमलं तर क्लासला लातूर, नाहीतर नांदेड. दिवाळी जवळ आली की मग फोन येतात, "ताई, मला बायो नको वाटतंय, इकॉनॉमिक्स घेऊ का?" मी परभणी जिल्ह्यातली. अकरावीत सायन्स सोडून कॉमर्सला आले, पुढं अर्थशास्त्रात बी.ए., एम.ए. केलं. त्यामुळं नात्यातली, गावातली पोरं हा प्रश्न माझ्याकडंच घेऊन येतात. एकदा सगळं क्रमानं लिहून ठेवते.

माझं मत आधीच सांगते. अकरावीत असाल आणि विषय खरंच पटला असेल, तर बदल करा. बारावीत पोचला असाल, तर बहुतेकांनी बारावी सायन्सनंच काढावी आणि अर्थशास्त्र पदवीला घ्यावं. याचं कारण दुसऱ्या पायरीत आहे.

१. नेमकं नकोसं काय झालंय?

"बायो नको" म्हणणाऱ्या निम्म्या पोरांना बायोचा काहीच त्रास नसतो. नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, असतो. नीटला १८० प्रश्न आणि ७२० गुण, त्यातले ९० प्रश्न आणि ३६० गुण बायोचे. म्हणजे दर रविवारच्या टेस्टला जो आकडा भिंतीवर लागतो, त्याचं निम्मं ओझं या एका विषयावर. आकडा खाली आला की विषयच वाईट वाटायला लागतो.

तर एक करा. क्लासच्या नोट्स बाजूला ठेवा, बोर्डाचं बायोचं पुस्तक घ्या, आणि टेस्ट नसलेल्या धड्यातलं काहीतरी, पचनसंस्था म्हणा, पेशीविभाजन म्हणा, शांतपणे वाचा. वाचताना बरं वाटलं तर तुमचं भांडण नीटशी आहे. त्यावर इलाज वेगळा: पीसीबी ठेवा, नीटचा नाद सोडा, एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्या. बी.एस्सी. ॲग्री आहे, बी. फार्मसी आहे, साधं बी.एस्सी. आहे. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दारात असताना आपली पोरं डॉक्टर नाही तर काहीच नाही असं धरून बसतात, हे मला कधी कळलं नाही.

दुसरं कारण इंग्रजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून विज्ञान शिकलेलं पोरगं अकरावीत एकदम इंग्रजी संज्ञांच्या माऱ्यात सापडतं. तिसरं, रूम आणि मेस. घरची आठवण, रूम पार्टनरशी खटके, सकाळी सहाला क्लास. ही दोन्ही कारणं खरी आहेत, पण त्यांच्यासाठी शाखा बदलू नका. इंग्रजी सहा महिन्यांत बसतं आणि रूम बदलता येते. उरलं चौथं कारण: बायो वाचवतच नाही, आणि पेपरातली बजेटची, कांद्याच्या निर्यातबंदीची बातमी मात्र शेवटपर्यंत वाचली जाते. अशा मुलांनी पुढं वाचा.

२. काय बंद होतं आणि काय उघडं राहतं

आपल्याकडच्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत अर्थशास्त्र आर्ट्स आणि कॉमर्सलाच शिकवतात. त्यामुळं बायोच्या जागी अर्थशास्त्र घेणं म्हणजे व्यवहारात शाखाच बदलणं. फिजिक्स, केमिस्ट्रीही जातं. घरच्यांशी बोलताना हे लपवू नका.

सायन्स सोडल्यावर जे बंद होतं:

- एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि व्हेटरनरी
- इंजिनिअरिंग
- बी. फार्मसी
- बी.एस्सी. ॲग्री

नुसतं बायो सोडून फिजिक्स, केमिस्ट्री, गणित ठेवलं, तर यातला फक्त पहिला गट जातो. फार्मसी आणि ॲग्रीला पीसीएमवरही जाता येतं. हा मधला मार्ग कुणी सांगत नाही.

आता उलट बाजू. अर्थशास्त्राकडं जायला बारावीत अर्थशास्त्र असावंच लागत नाही. बारावी सायन्स झालेल्या मुलीला बी.ए. अर्थशास्त्राला प्रवेश मिळतो. सीए फाउंडेशन, पाच वर्षांचं लॉ, बीबीएची सीईटी या सगळ्यांना कुठलीही शाखा चालते. एमपीएससी, यूपीएससी, बँकेच्या परीक्षा यांना पदवी लागते, ती कशातली हे विचारत नाहीत. सायन्सकडून अर्थशास्त्राकडं केव्हाही येता येतं, परत जायचं म्हटलं तर पुन्हा फिजिक्स-केमिस्ट्रीपासून सुरुवात. म्हणून बारावीच्या मुलांना मी थांबा म्हणते.

बायोपुरतं सांगायचं तर एक खिडकी अलीकडं उघडली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की बारावीनंतर बायो जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून पास केलं तरी नीट देता येईल. पण फिजिक्स, केमिस्ट्री आणि इंग्रजी हवंच. म्हणजे पीसीएमच्या मुलाला याचा उपयोग आहे, कॉमर्सच्या नाही. "नंतर बायो घेऊन टाकू" असं कुणी म्हणालं तर त्याला हे पूर्ण वाक्य ऐकवा.

३. अर्थशास्त्र आधी वाचून बघा, मग ठरवा

ही पायरी सगळे गाळतात. बायोला कंटाळलेल्याला दुसरा कुठलाही विषय गोडच वाटतो.

बालभारतीची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मराठीतही. अकरावीत पैसा, विभाजन मूल्ये, महाराष्ट्राची अर्थव्यवस्था, ग्रामीण विकास, बेरोजगारी, दारिद्र्य, १९९१ नंतरचं आर्थिक धोरण असे धडे आहेत. बारावीत उपयोगिता, मागणी, मागणीची लवचिकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते ते), पुरवठा, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, नाणे बाजार, विदेशी व्यापार. मी सांगेन, बारावीचं पुस्तक आधी उघडा आणि मागणीच्या लवचिकतेवरचा धडा वाचा. अकरावीचं पुस्तक बरंचसं माहितीचं आहे, ते कुणालाही आवडतं. विषयाचा खरा स्वभाव बारावीच्या पुस्तकात दिसतो.

वाचून झाल्यावर आपल्या मोंढ्यावरचा एक प्रश्न स्वतःला घाला. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि तरी कितीतरी शेतकऱ्यांनी त्याच्या खाली माल घातला. का? घरात साठवून ठेवला असता तर? ठेवता का आला नाही? सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, तरी आपल्या सोयाबीनचा भाव का उठला नाही? सोयाबीनमधून तेल थोडं आणि पेंड जास्त निघते, पेंडीचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, आणि सुगीत सगळ्यांचा माल एकदम येतो. उसनवारी फेडायची, रब्बीचं बी-खत घ्यायचं, म्हणून थांबायला कुणाला परवडत नाही. यातल्या एकेका वाक्यामागं पुस्तकातला एकेक धडा आहे. असं काही सोडवताना मजा आली, तासभर त्यावरच डोकं चाललं, तर विषय तुमचा. "हे सगळं राजकारण आहे" म्हणून पुस्तक मिटलं, तर जरा थांबा.

एक गैरसमज इथंच काढते. पाठांतर टाळायला म्हणून अर्थशास्त्र घेऊ नका. बोर्डाच्या पेपरात व्याख्या, फरक स्पष्ट करा, सविस्तर उत्तरे लिहा, आकृत्या असं सगळं आहे. लेखी ८० गुणांची, उरलेले २० तोंडी-प्रकल्पाचे. (बायोला ७० आणि ३० असतात, प्रॅक्टिकलचे ते ३० इथं नाहीत.) क्लासच्या टेस्टला वर्षभर पर्यायांचे गोळेच रंगवलेल्या मुलांना दीड पानाचं उत्तर लिहिताना हात आखडतो. ती सवय परत लावावी लागते.

४. गणित ठेवा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. पीसीबीवाली पुष्कळ पोरं गणित टाळून आलेली असतात, आणि अर्थशास्त्र म्हणजे गणितातून सुटका असं त्यांना वाटतं. बारावीपर्यंत ते खरंही वाटेल. पदवीला चांगल्या ठिकाणी जायचं म्हटलं की अडतं. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला सीयूईटीत (केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत) गणित लागतंच. एम.ए.ला सांख्यिकी आणि कॅल्क्युलसशिवाय पान हलत नाही.

कॉमर्सला जात असाल तर कॉलेजात पहिला प्रश्न हा विचारा: एस.पी.च्या (सेक्रेटेरियल प्रॅक्टिसच्या) जागी गणित मिळतं का? बऱ्याच कॉलेजांत कागदावर असतं पण शिकवायला मास्तर नसतात. आर्ट्सला गणित देणारं कॉलेज आपल्या भागात शोधावं लागतं. माझं कॉमर्सला येण्याचं मुख्य कारण हेच होतं. हिशेबाचं मला तेव्हाही फार प्रेम नव्हतं, आताही नाही.

५. तुम्ही कुठल्या टप्प्यावर आहात?

*अकरावीच्या फेऱ्या अजून चालू आहेत.* २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले, त्यामुळं गावच्या कॉलेजात जाऊन "सर, नाव बदला" हा प्रकार संपला. पसंतीक्रम भरताना एक ध्यानात ठेवा: पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून मन द्विधा असताना काकांच्या आग्रहाखातर पहिल्या नंबरवर सायन्स टाकू नका.

*प्रवेश झाला, कॉलेज सुरू झालं.* त्याच कॉलेजात आर्ट्स-कॉमर्सची तुकडी असेल आणि जागा रिकामी असेल तर काम त्यातल्या त्यात सोपं. दुसऱ्या कॉलेजात जायचं तर आधी तिथं जागा आहे का, ती ऑनलाइन प्रक्रियेत कशी मिळेल, हे पक्कं करा आणि मगच इथला प्रवेश रद्द करा. उलट क्रमानं केलं की मूल दोन्हीकडून जातं. "या, बघू" या तोंडी आश्वासनावर टीसी काढू नका. जितकं लवकर तितकं बरं. पहिली घटक चाचणी व्हायच्या आत झालं तर मागचा अभ्यास भरून निघतो.

*अकरावी सायन्स पास झालात, बारावी वेगळ्या शाखेतून करायची आहे.* हा प्रस्ताव कॉलेजमार्फत विभागीय मंडळाकडं जातो. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोलीवाल्यांचं मंडळ संभाजीनगरला. लातूर, नांदेड, धाराशिववाल्यांचं लातूरला. मान्यतेचं पत्र हातात पडेपर्यंत बदल झाला असं धरू नका. अभ्यासाच्या बाजूनं बोलायचं तर अर्थशास्त्राचं मागचं वर्ष स्वतः वाचून निघतं. पुस्तपालनाचं निघत नाही. बारावीत थेट भागीदारीचे हिशेब येतात, आणि रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे अकरावीत झालेलं असतं असं मास्तर गृहीत धरतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कुणाकडून तरी शिकून घ्या, नाहीतर आर्ट्स बघा.

*बारावी चालू आहे.* थांबा. परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली की विषय बदलायचा विषयच संपतो. बोर्डाच्या बायोत नीट देणाऱ्याइतकं खोल जायची गरज नाही. नीटचा ताण काढून टाका, बारावी चांगल्या गुणांनी काढा, आणि रिकाम्या वेळात अर्थशास्त्राचं पुस्तक वाचत राहा. एक अख्खं वर्ष वाचतं.

*सीबीएसईची मुलं.* केंद्रीय विद्यालयात, नवोदयात किंवा खासगी शाळेत असाल तर तुमचं गणित वेगळं. तिथं शाखांची भिंत तेवढी पक्की नाही. शाळेत शिक्षक असतील तर फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि अर्थशास्त्र असा गटही बसतो. बायोचा कोड ०४४, अर्थशास्त्राचा ०३०. नोंदणीत कोड बरोबर पडला का, स्वतः बघा. अकरावीत नोंदणीच्या आत शाळेशी बोला. बारावीत बदलायचं तर शाळेनं बोर्डाच्या प्रादेशिक कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, त्याला सबळ कारण आणि मुदत दोन्ही लागतात.

६. कागदपत्रं

एका फायलीत घाला, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स:

- दहावीची गुणपत्रिका, अकरावी झाली असेल तर तिचीही
- टीसी (जुन्या कॉलेजची, बदलाचं नक्की झाल्यावरच काढायची)
- ऑनलाइन प्रवेशाच्या अर्जाची प्रिंट, लॉगिन आणि पासवर्ड
- आधार कार्ड, पासपोर्ट फोटो
- जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला
- फी भरल्याच्या पावत्या, कॉलेजच्या आणि क्लासच्याही
- प्राचार्यांच्या नावे अर्ज, त्यावर विद्यार्थी आणि पालक दोघांच्या सह्या

अर्ज द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. क्लार्क म्हणेल, "काही गरज नाही, ठेवून जा." तरी घ्या. आणि लॉगिनचा पासवर्ड नेटकॅफेवाल्याच्या वहीत न ठेवता स्वतःकडं ठेवा. ऐन शेवटच्या दिवशी त्याचं दुकान बंद असल्यानं रडलेली पोरं मी पाहिली आहेत.

७. पैशाचं काय?

कॉलेजची फी हा छोटा भाग. खरा पैसा क्लास, रूम आणि मेसमध्ये अडकलेला असतो. क्लासवाले बहुधा "फी परत नाही" ही पावतीवरची ओळ दाखवतात. त्यांना केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांची आठवण द्या: पूर्ण फी भरून विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, वसतिगृह आणि मेसची धरून, असं त्यात म्हटलं आहे. या सूचना आहेत, कायदा नाही, म्हणून हमी नाही. पण लेखी अर्जात उल्लेख केला की बोलण्याचा सूर बदलतो. निदान पुढचा हप्ता तरी थांबतो.

शिष्यवृत्ती घेणाऱ्यांनी जास्त जपून. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एक टप्पा पास झाल्यावर तोच टप्पा दुसऱ्या विषयात पुन्हा केला तर लाभ मिळत नाही. म्हणून अकरावी सायन्स पास होऊन पुन्हा अकरावी कॉमर्सला बसायचा विचार असेल, तर आधी समाजकल्याण कार्यालयात विचारा. सरकारी वसतिगृहात राहत असाल तर तिथंही. एका वर्षाच्या वसतिगृहाची किंमत आपल्या घरात काय असते, मला माहीत आहे.

८. घरी कसं सांगायचं

फोनवर सांगू नका. सुट्टीला घरी गेल्यावर, जेवणं झाल्यावर, आणि आधी आईला. "मला जमत नाही" या वाक्यानं सुरुवात केली की बोलणं तिथंच संपतं. पप्पा दुसऱ्या दिवशी क्लासच्या सरांना फोन लावतात आणि सर "करून घेतो" म्हणतात. त्याऐवजी कागद घेऊन बसा: पुढची पाच वर्षं कुठं शिकणार, फी किती, पदवीनंतर काय. तिसऱ्या पायरीतलं सोयाबीनचं गणित वडिलांना समजावून सांगा. शेतकरी माणूस असेल तर तो तुमच्याहून दोन गोष्टी जास्त सांगेल, आणि विषय काय आहे हे त्याला त्यातूनच कळेल.

"अर्थशास्त्र ढ मुलांचा विषय" असं कुणी पाहुणा म्हणालाच तर शांतपणे सांगा, संभाजीनगरच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हाच विषय शिकले.

नोकरीचं मात्र खोटं चित्र रंगवू नका. नुसत्या बी.ए.वर आपल्या जिल्ह्यात नोकरी ठेवलेली नाही. एम.ए. किंवा एम.एस्सी. करावं लागतं. पदव्युत्तर झाल्यावर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा आहे, रिझर्व्ह बँकेत अर्थशास्त्रज्ञांची वेगळी भरती असते, नेट-सेट करून प्राध्यापकी आहे. पुण्याची गोखले संस्था १९३० ची, तिथं हाच विषय शिकवतात. तिथली प्रवेश परीक्षा डोक्यात ठेवून अभ्यास करा. संगणकावर एक्सेल चांगलं येत असेल तर बँका, संशोधन संस्था, सर्व्हेची कामं मिळतात. हे सगळं वडिलांना एका रात्रीत पटत नाही. दोन-तीनदा बोलावं लागतं.

९. बदल झाल्यावरचा पहिला महिना

वर्गात जा. क्लासच्या वातावरणातून आलेल्यांना कॉलेज म्हणजे हजेरीपुरतं असं वाटत असतं. आर्ट्स-कॉमर्सला शिकवणीवाला मागं लागत नाही, रविवारची टेस्ट नाही, भिंतीवर यादी नाही. पहिले पंधरा दिवस सुट्टी लागल्यासारखं वाटतं आणि तेवढ्यातच कित्येकांची शिस्त जाते. बोर्डाच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरी लागते, ती उशिरा आलेल्यांची आधीच कमी असते. क्लार्ककडून तुमचे दिवस कधीपासून मोजतायत ते विचारून घ्या.

रोज एक मोठं उत्तर हातानं लिहा, आकृतीसकट. अक्ष कुठला, किंमत कुठं, नगसंख्या कुठं, हे न बघता काढता यायला हवं. पेपरातलं शेतमालाचं पान कापून एका वहीत चिकटवत जा; तोंडी परीक्षेच्या आणि प्रकल्पाच्या २० गुणांना तीच वही कामाला येते. आणि जुन्या क्लासचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडा. तिथं दर आठवड्याला कुणाचे तरी सहाशे गुण पडत राहतात आणि ते वाचत बसलात तर लवचिकतेचा धडा काही पुढं सरकत नाही.